आश्रयास आलेली स्त्री व सरकारचें कर्तव्य

(निडी, तालुका रोहा, येथील एका पाळकाकडून)

या आठवड्याचा शास्त्रभाग: रूथ, अध्याय १ ते ४, अनुवाद २३, वचनें १५ व १६.

रूथेचें पुस्तक आपल्या मंडळ्यांतून बहुधा सासूसुनेच्या प्रीतीचा धडा म्हणून शिकविलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु उपदेशक बंधूंनो व बायबल-बायांनो, या आठवड्यांत तेंच पुस्तक दुसऱ्या बाजूनें उघडून पाहावें अशी माझी विनंति आहे. रूथ ही परक्या देशाची बाई होती. तिचा नवरा मेला होता, जवळ पैसा नव्हता, आणि ज्या गांवीं ती आली तेथें तिच्या राष्ट्राविषयीं लोकांचें मत चांगलें नव्हतें. अशा बाईस राज्यानें व गांवच्या वडीलजनांनीं कसें वागवावें? निर्वासित स्त्रियांच्या संरक्षणाचें धोरण म्हणून सांप्रत ज्याची जगभर चर्चा चालते, त्याचा मुख्य प्रश्न या चार लहानशा अध्यायांत आलेला आहे.

पहिल्या अध्यायांतील एक गोष्ट आपण घाईनें ओलांडून जातों. आश्रय मागावयास आधीं निघालें तें बेथलेहेमांतील इस्राएली कुटुंब. दुष्काळ पडला तेव्हां अलीमलेख व नामी आपल्या दोन मुलांसह मवाबांत गेलीं. तीं तेथें सुमारें दहा वर्षें राहिलीं, मुलांनीं मवाबी मुलींशीं लग्नें केलीं, आणि घरचे तिन्ही पुरुष त्याच परक्या देशांत मरण पावले. पुढें नामी परतली, तेव्हां तिच्याबरोबर आलेली रूथ परकी ठरली. कालचा आश्रित आज यजमान झाला, व यजमानाची लेंक आश्रित झाली. देशांचा इतिहास असाच उलटत असतो.

आतां नियमशास्त्राकडे पाहा. अनुवाद २३:३ याप्रमाणें मवाबी मनुष्यास परमेश्वराच्या मंडळींत प्रवेश नव्हता. म्हणजे रूथ ही मज्जाव केलेल्या राष्ट्राची होती. पण त्याच नियमशास्त्रानें शेताच्या कडेचें पीक व मागें राहिलेला सरवा परदेशी, अनाथ व विधवा यांच्यासाठीं सोडण्याची आज्ञा केली होती (लेवीय १९:९, १०, अनुवाद २४:१९). तेव्हां बवाजानें रूथेस सरवा वेंचूं दिला हा त्याचा उपकार नव्हता. तो तिचा हक्क होता. बवाजाचें पुण्य त्याच्या पुढच्या कृतींत आहे. त्यानें आपल्या गड्यांस ताकीद दिली कीं हिच्या अंगास हात लावावयाचा नाहीं, आणि गड्यांनीं भरून ठेवलेल्या भांड्यांतलें पाणी तिला पिऊं द्यावयाचें (२:९). नामीच्या मनांतही तेंच भय होतें. दुसऱ्याच्या शेतांत जाण्यांत धोका आहे असें ती सुनेस सुचविते (२:२२). धान्याचा हक्क शास्त्रांत लिहिलेला होता, परंतु शेतांत गडी होते. ज्या राज्यानें फक्त धान्य मोजलें व गड्यांकडे पाहिलें नाहीं, त्यानें स्त्रीचें रक्षण केलें असें म्हणतां येत नाहीं.

चौथ्या अध्यायांत आणखी एक गोष्ट आहे. वेशींत दहा वडील बसले, आणि शेताचा व रूथेचा निवाडा एकाच बैठकींत झाला. रूथ तेथें नव्हती. तिला कोणीं बोलाविलें नाहीं. तरीही तो निवाडा जुलमाचा झाला नाहीं, कारण त्याच्या आदल्या रात्रीं खळ्यावर तिनें आपल्याला काय हवें तें स्वमुखानें सांगितलें होतें, व ती म्हणेल तसें करण्याचें वचन बवाजानें दिलें होतें (३:९ ते ११). तिचा शब्द आधीं ऐकला गेला आणि मग वडील बसले. या जागीं पुस्तकांत खूण घालून ठेवा. पुढें ती लागणार आहे.

आतां आपल्याच किनाऱ्याकडे या. निडीहून रोह्यास जाऊन कुंडलिका नदीच्या कांठानें खालीं गेलें कीं रेवदंडा येतें. तेथून समुद्राच्या कडेनें उत्तरेस अलिबाग, व त्याच्या पुढें नवगांव. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी आहे कीं, त्यांचे पूर्वज छळास भिऊन स्वदेशांतून निघाले, त्यांचें गलबत नवगांवाजवळ फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच जिवंत किनाऱ्यास लागलीं. ही गोष्ट नेमकी कोणत्या शतकांतील याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. परंतु हे लोक या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत, शनिवारीं घाणा बंद ठेवीत, आणि म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत, हें सर्वांस ठाऊक आहे. पेणकर, रोहेकर, नागावकर हीं त्यांचीं आडनांवें आपल्याच गांवांवरून पडलीं. १९४८ नंतर त्यांपैकीं बहुतेक इस्राएल देशास गेले. पेण, अलिबाग व रेवदंडा येथें त्यांचीं सभास्थानें आहेत.

त्या सात स्त्रियांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. तरी त्यांच्याविषयीं एवढें अनुमान काढतां येतें कीं, या किनाऱ्यावरील लोकांनीं त्यांच्यावर आपला धर्म लादला नाहीं. तो लादला असता तर शब्बाथ पाळण्याची चाल घरांतून टिकली नसती, कारण अशा चाली टिकतात त्या आयांच्या हातून. त्या काळीं आश्रितांसाठीं कोणताही कायदा नव्हता. कोंकणच्या कोळ्याकुणब्यांनीं हें केलें. आपणां ख्रिस्ती लोकांस यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे, व त्याविषयीं मी शेवटीं लिहिणार आहें.

सरकारी छायेखालीं स्त्रियांचें काय होतें, हें आपल्या प्रांतांत प्रथम मोठ्यानें बोलून दाखविण्याचा मान पंडिता रमाबाईंचा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत स्वतः गेल्या. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं होतीं. किती खडी फोडली म्हणजे किती मजुरी, याचे नियम होते. परंतु त्या कामांवर व गरीबखान्यांत तरुण विधवांस फूस लावणारे लोक फिरतात, कित्येकदां देखरेख करणारेच त्यांची अब्रू घेतात, असें बाईंनीं पाहिलें व निर्भयपणें छापून प्रसिद्ध केलें. सुमारें तीनशें मुली व विधवा त्यांनीं बरोबर आणिल्या आणि पुण्याजवळ केडगांव येथें मुक्तिसदन वाढविलें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. बवाजाचे गडी तेच, शेत मात्र सरकारचें, असा हा प्रकार होता.

यानंतर जें घडलें तें युद्धामुळें. आपल्या महाराष्ट्रांत परदेशीय निर्वासित स्त्रियांचें एक सबंध गांव सुमारें पांच वर्षें नांदलें, हें आपल्या खेड्यापाड्यांतील फार थोड्यांस माहीत असेल. तें गांव म्हणजे कोल्हापुराजवळील वळिवडें.

१९३९ च्या सप्टेंबरांत जर्मनीनें पश्चिमेकडून व सोव्हिएट रशियानें पूर्वेकडून पोलंड देशावर चाल केली. १९४० च्या फेब्रुवारीपासून रशियन अधिकाऱ्यांनीं पूर्व पोलंडांतील कुटुंबेंच्या कुटुंबें मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तान येथें नेलीं. थंडीनें व उपासमारीनें पुष्कळ मेलीं. १९४१ मध्यें जर्मनी रशियावर उलटली, तेव्हां रशियानें या लोकांस मोकळें केलें. पुरुष नव्या पोलिश फौजेंत शिरले, आणि १९४२ मध्यें फौज व तिच्याबरोबर हजारों बायकामुलें कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत उतरलीं. आतां या बायकामुलांस कोणीं घ्यावें? आफ्रिकेंतील ब्रिटिश वसाहतींनीं कांहीं घेतलीं, मेक्सिको व न्यूझीलंड यांनीं कांहीं घेतलीं. हिंदुस्थानांत नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं १९४२ मध्येंच बालाचडी येथें पोलिश मुलांसाठीं जागा दिली. १९४३ मध्यें कोल्हापूर संस्थानांत पंचगंगेपासून जवळच, मिरजेच्या रेल्वेरस्त्यावर, वळिवड्याची छावणी उभी राहिली. तींत सुमारें पांच हजार माणसें होतीं, व त्यांत मुख्य भरणा स्त्रिया व मुलांचा होता.

सरकारचें मन यांत पूर्ण मोकळें होतें असें मी म्हणणार नाहीं. खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारच्या खात्यावर होता, आणि युद्ध संपतांच ही मंडळी देशाबाहेर जावी अशी हिंदुस्थान सरकारची अपेक्षा होती. तरी जें झालें तें पाहण्यासारखें आहे. कुटुंबांस एका मोठ्या धर्मशाळेंत एकत्र कोंडलें नाहीं. लांबट बराकी बांधून त्यांत घरोघर निराळ्या खोल्या पाडल्या. ज्या बाईनें दोन वर्षें परक्याच्या पहाऱ्यांत काढलीं, तिला स्वतःचें दार मिळणें म्हणजे काय, हें आपल्या भगिनींस समजावून सांगावें लागणार नाहीं. छावणींत शाळा होत्या, दवाखाना होता, उपासनामंदिर होतें, बालवीरांचीं पथकें होतीं. शिक्षिका, परिचारिका, दुकानदार, व्यवस्थापक बहुतेक त्यांच्यांतलेच, आणि पुरुष युद्धावर असल्यामुळें त्यांत बायकाच पुष्कळ. मुंबईच्या पोलिश वकिलाच्या पत्नी कीरा बानासिंस्का यांनीं रेड क्रॉसच्या वतीनें त्यांच्यासाठीं अतोनात खटपट केली. हे लोक रोमन मताचे होते, आणि आपल्यांतील कांहीं वडील मंडळींस तें तेव्हां रुचलें नसेल. परंतु भुकेल्याला भाकरी देतांना त्याचा मतपंथ विचारावा असें प्रभूनें कोठेंही शिकविलें नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट युद्धानंतर घडली. १९४५ मध्यें ब्रिटिश सरकारनें वॉर्सा येथील नव्या पोलिश सरकारास मान्यता दिली, व लंडनमधील जुन्या सरकारचा आधार तुटला. वळिवड्यांतील बहुतेकींचीं गांवें आतां रशियाच्या हद्दींत गेलेलीं होतीं. परत जा, असें त्यांस सुचविण्यांत आलें. पण गाडींत कोंबून कोणीं पाठविलें नाहीं. कांहीं आपखुशीनें गेल्या. बाकीच्या पूर्व आफ्रिकेंत, इंग्लंडांत, ऑस्ट्रेलियांत पांगल्या. कांहीं मुलींनीं येथील तरुणांशीं लग्नें केलीं व त्या कोल्हापुरांतच राहिल्या. १९४८ मध्यें छावणी संपली. मग त्याच बराकींत सिंधमधून आलेलीं कुटुंबें राहावयास आलीं. त्या वसाहतीस आतां गांधीनगर म्हणतात, आणि कोल्हापुराकडील लोक तेथें कापडाची खरेदी करावयास जातात. २०१९ मध्यें वळिवड्यास पोलिश निर्वासितांचें स्मारक झालें. वॉर्सा शहरांतही कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक आहे. २०२४ च्या आगस्टांत भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं तेथें पुष्पचक्र वाहिलें.

वळिवडें इतकें सविस्तर सांगण्याचें कारण असें कीं, त्याच सुमारास त्याच देशांत दुसरें एक धोरण चाललें होतें. त्याचा हेतुही संरक्षणाचाच होता, परंतु फळ निराळें आलें.

१९४७ च्या फाळणींत पंजाबांत व आजूबाजूस दोन्ही बाजूंच्या हजारों स्त्रियांस पळवून नेण्यांत आलें. या पापाचें वर्णन येथें करीत नाहीं. ज्या घरीं मुली आहेत त्या घरीं तें वाचवत नाहीं. १९४७ च्या डिसेंबरांत भारत व पाकिस्तान यांनीं करार केला कीं अशा सर्व स्त्रिया शोधून परत कराव्या, आणि १ मार्च १९४७ नंतर झालेलीं अशीं सक्तीचीं धर्मांतरें व लग्नें मानूं नयेत. येथपर्यंत कोणाही सज्जनाचें मन होय म्हणेल. मृदुला साराभाई, रामेश्वरी नेहरू, कमळाबेन पटेल इत्यादि स्त्रियांनीं या कामांत जिवाची पर्वा केली नाहीं. कित्येक कुटुंबें परत आलेल्या लेंकीस घरांत घेईनात, तेव्हां गांधीजींनीं व पंडित नेहरूंनीं लोकांस जाहीर विनंत्या केल्या कीं या निर्दोष आहेत, यांस मानानें घरांत घ्या.

मग १९४९ चा कायदा आला. गोपालस्वामी अय्यंगार यांनीं त्याचें बिल मांडलें. पळविलेली व्यक्ति कोणती, हें सांगतांना कायद्यानें म्हटलें: १६ वर्षांच्या आंतील मुलगा, किंवा कोणत्याही वयाची स्त्री. हे शब्द वर्गांत दोनदां वाचून दाखवा. मुलगा १६ वर्षांचा झाला कीं त्याला स्वतःचें मत आलें. स्त्री ५० वर्षांची असली तरी तिला मत नाहीं. ठराविक मुदतींत आपल्या कुटुंबापासून तुटलेली व दुसऱ्याच्या घरीं सांपडलेली मुसलमान स्त्री म्हणजे पळविलेली. पोलिसांनीं वॉरंटाशिवाय घरांत शिरावें, तिला छावणींत न्यावें, तंटा पडल्यास लवादानें निवाडा करावा, आणि तिच्या अटकेविरुद्ध कोणत्याही न्यायालयांत दाद नसावी, असें कायद्यांत लिहिलें. विधिमंडळांत कांहीं सभासदांनीं हरकत घेतली कीं जी राहूं इच्छिते तिचें काय. ती हरकत चालली नाहीं. १९५२ मध्यें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि अशा रीतीनें स्त्रीला ताब्यांत घेणें म्हणजे घटनेंतील अर्थानें अटक नव्हे असें ठरून कायदा कायम राहिला.

ज्या स्त्रिया अजून बळजबरीखालीं होत्या त्यांस या कायद्यानें सोडविलें, हें विसरूं नये. आठ वर्षांत भारतांतून वीस हजारांहून अधिक व पाकिस्तानांतून नऊ हजारांच्या आसपास स्त्रियामुलांस आपापल्या बाजूस पोंचविण्यांत आलें. पण त्यांत अशाही होत्या कीं ज्यांचा संसार बसला होता, मूल झालें होतें, किंवा ज्यांस माहेरची भीति वाटत होती कीं आपल्याला कोणी घरांत घेणार नाहीं. त्या रडत होत्या, नको म्हणत होत्या. पुष्कळींनीं अन्न टाकलें. तान्ह्या मुलांचें काय करावें यावर दोन्ही सरकारांत खल झाला, आणि कित्येक आयांस लेंकरें मागें सोडावीं लागलीं. पहिल्या वेळीं त्यांस गुंडांनीं न विचारतां नेलें होतें. दुसऱ्या वेळीं सरकारनें न विचारतां आणलें. १९५७ मध्यें हा कायदा पुढें चालविण्यांत आला नाहीं.

आतां ती खूण काढा. वेशींत वडील बसले होते, रूथ नव्हती. तरी तिचा शब्द खळ्यावर ऐकला गेला होता. १९४९ च्या कायद्यांत वेस होती, वडील होते, निवाडा होता. खळें मात्र नव्हतें.

जगाच्या कायद्यास ही गोष्ट समजण्यास फार वेळ लागला. २८ जुलै १९५१ रोजीं जिनीव्हा येथें निर्वासितांचा मोठा करार झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत, या पांचांपैकीं एका कारणानें ज्यास छळाचें खरें भय आहे, तो निर्वासित. अशास छळाच्या ठिकाणीं परत लोटूं नये, हें या कराराचें मुख्य सूत्र. आपल्या शास्त्रभागांतील अनुवाद २३:१५, १६ यांत पळून आलेल्या दासाविषयीं तेंच तत्त्व आहे, आणि तेथें तर त्याला आवडेल त्या ठिकाणीं राहण्याची मोकळीकही दिली आहे. पण पांच कारणांत स्त्रीपण हें कारण नाहीं. सक्तीच्या लग्नाला नको म्हटल्यामुळें जिला भाऊ मारावयास उठले आहेत, ती बाई परदेशच्या कचेरींत गेली तर कारकून विचारी, बाई, यांतील कोणतें कारण? हा तर घरचा तंटा.

१९८५ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीच्या कार्यकारी मंडळानें म्हटलें कीं समाजाच्या चालीरीति मोडल्यामुळें ज्या स्त्रियांस क्रूर वागणूक मिळते, त्यांस राज्यांनीं विशिष्ट सामाजिक गट मानण्यास हरकत नाहीं. १९९१ मध्यें त्या कचेरीनें निर्वासित स्त्रियांच्या रक्षणाचे नियम काढले. कॅनडानें १९९३ मध्यें आपल्या निर्णय देणाऱ्यांस स्त्रियांच्या अर्जांविषयीं स्वतंत्र सूचना दिल्या. १९९९ मध्यें इंग्लंडच्या लॉर्ड्स सभेनें पाकिस्तानांतील दोन स्त्रियांच्या खटल्यांत त्यांस असें रक्षण मिळालें पाहिजे असा निकाल दिला. या सर्व नियमांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक लहानशी गोष्ट: बाईची जबानी नवऱ्यापासून निराळी घ्यावी, घेणारी व दुभाषी शक्य तर स्त्री असावी, आणि नवऱ्याच्या अर्जाखालीं तिचा अर्ज पुरून टाकूं नये. नवऱ्यासमोर बाई काय बोलणार, हें ज्यानें एकदां तरी गांवचा तंटा मिटविला आहे त्याला ठाऊक असतें.

आपल्या देशानें १९५१ च्या करारावर सही केलेली नाहीं, आणि निर्वासितांसाठीं येथें निराळा कायदाही नाहीं. १९४६ च्या परदेशीयांच्या कायद्यांत निर्वासित हा शब्दच नव्हता. २०२५ मध्यें त्याच्या जागीं नवा कायदा आला, तोही मुख्यतः येणेंजाणें व नोंद यांचा आहे. तिबेटी लोकांचा भार सरकारनें स्वतः घेतला, व १९७२ पासून आपल्या गोंदियाकडील भागांत त्यांची एक वसाहत आहे. अफगाणिस्तान, ब्रह्मदेश इत्यादि देशांतून आलेल्या पुष्कळांस दिल्लींतील संयुक्त राष्ट्रांची कचेरी तपासून ओळखपत्र देते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यानें पाकिस्तान, बांगला देश व अफगाणिस्तान येथील हिंदु, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांस, ते २०१४ च्या अखेरपर्यंत आले असल्यास, नागरिकत्वाची वाट सुलभ केली. त्यांत ख्रिस्ती आहेत म्हणून आपण संतुष्ट होऊन बसावें असें मला वाटत नाहीं. त्यांत मुसलमान नाहींत, आणि स्त्री म्हणून होणाऱ्या छळाचा उल्लेखही नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ मध्यें चकमा लोकांच्या प्रकरणांत सांगितलें कीं घटनेच्या २१ व्या कलमानें जीविताचें रक्षण नागरिकांस व परदेशीयांस सारखेंच आहे. परंतु २०२१ मध्यें रोहिंग्या लोकांच्या अर्जावर त्याच न्यायालयानें म्हटलें कीं देशाबाहेर न घालविलें जाण्याचा हक्क नागरिकांच्या हक्कांशीं जोडलेला आहे. म्हणजे जीव वांचेल, ठाव मिळेलच असें नाहीं.

कोणी म्हणेल, पाळकबुवा, निडीसारख्या गांवीं परदेशची निर्वासित बाई कशाला येते? नवगांवच्या लोकांसही असेंच वाटत असेल. रेल्वे आपल्या शिवारांतून जाते. नागोठणें व धाटाव येथील कारखान्यांकडे दूरदूरचीं माणसें येतात. कोणाच्या बरोबर कोण बाई आली, आपखुशीनें आली कीं आणलेली, हें गांवाला दिसतें, परंतु कोणी विचारीत नाहीं. अशी कोणी उपदेशकाच्या दारीं आली तर प्रथम तिला पाणी व जेवण द्यावें, आणि उपदेशकानें स्वतः चौकशी न करितां आपल्या पत्नीस किंवा बायबल-बाईस तिच्याजवळ एकांतांत बसवावें. जो तिला घेऊन आला आहे, मग तो नवरा म्हणवीत असो कीं मामा, त्याला बाहेर ओट्यावर बसवावें. तिचे कागद आपल्या पेटींत ठेवूं नयेत. तिला लपवूंही नये, कारण लपविलेली बाई ज्याच्या घरीं आहे त्याच्या मुठींत जाते. १९८७ च्या कायद्याप्रमाणें कोणाही स्त्रीस, तिची मिळकत किती हें न पाहतां, सरकारी खर्चानें वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयांतील विधिसेवा समितीकडे किंवा अलिबागच्या जिल्हा प्राधिकरणाकडे तिच्याबरोबर जावें. १८१ हा स्त्रियांच्या मदतीचा दूरध्वनि आहे, व ११२ पोलिसांचा. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं स्त्रीस अटक करावयाची नाहीं, विशेष कारण असल्यास स्त्री अधिकाऱ्यानें मॅजिस्ट्रेटची परवानगी घेऊन करावी, हा नियम प्रत्येक उपदेशकास तोंडपाठ असावा.

आणि आतां तें राहिलेलें. आश्रयास आलेल्या बाईस पहिल्या आठवड्यांत बाप्तिस्म्याविषयीं बोलूं नका. हें मिशनच्या पत्रांत लिहिणें कांहींस खटकेल, तरी लिहितों. ज्या बाईस आज रात्रीं निजावयास दुसरी जागा नाहीं, तिचें होय हें होय नव्हे. रूथेनें इस्राएलाच्या देवाचें नांव घेतलें तें मवाबच्या वाटेवर, जेव्हां नामी तिला परत जा असें पुनःपुनः सांगत होती आणि माहेरचा रस्ता तिला मोकळा होता. बेथलेहेमांत सरव्याच्या बदल्यांत तें कोणीं तिच्याकडून म्हणवून घेतलें नाहीं. नवगांवच्या लोकांनीं त्या सात स्त्रियांकडून कांहीं म्हणवून घेतलें नाहीं. आपल्या शेजाऱ्यांच्या मनांत आपल्याविषयीं जो जुना संशय आहे तो कोठून येतो, याचा विचार करितांना हा फरक आपण प्रामाणिकपणें पाहावा.

वर्गांत विचारण्यासाठीं: नियमशास्त्रानें रूथेस काय दिलें, आणि बवाजानें त्यावर काय अधिक घातलें? मवाबी लोकांस मज्जाव असतांही रूथेस शेतांत येऊं दिलें, तर मग मज्जावाचा अर्थ काय राहिला? वळिवड्याच्या स्त्रियांस युद्धानंतर काय विचारण्यांत आलें, आणि १९४९ च्या कायद्याखालीं आलेल्या स्त्रियांस काय विचारण्यांत आलें? ज्या बाईस खरोखर पळविलें आहे परंतु जी भयानें राहतें म्हणते, तिचा शब्द ऐकावा कसा? या शेवटल्या प्रश्नाचें सोपें उत्तर कोणी दिल्यास तें लगेच मान्य करूं नये. आपल्या गांवच्या पंचायतींत गेल्या वर्षांत बायकांविषयीं जे निवाडे झाले, त्यांपैकीं किती वेळां ती बाई बैठकींत होती, हें वर्गांतील स्त्रियांनीं आधीं सांगावें, व पुरुषांनीं त्यांचें सांगून होईपर्यंत थांबावें.